टॉक्सिन टॉक्सिन म्हणतात ते नक्की असतं काय?

तापीकाठची
भुसावळला आमच्या कॉलनीजवळ एक 'वेलनेस सेंटर' उघडलंय. रात्री तळपायाला चिकटवायच्या पट्ट्या, पाय बुडवून बसायचं मशीन आणि कसल्याशा पाल्याचा चहा. तिघांचा दावा एकच, अंगातले टॉक्सिन बाहेर काढतो. सकाळी पट्टी काळी पडली की ते तुमचे टॉक्सिन. मशीनमधलं पाणी विटकरी झालं की तेही तुमचेच.

सासूबाईंनी पॅकेजचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. काल भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "हे टॉक्सिन म्हंजे वीखच ना? मग एवढं बादलीभर वीख अंगात असून मी आजवर जिती कशी?"

मी कॉमर्सवाली, काय सांगणार? इथे मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, म्हणून विचारते. टॉक्सिन आणि विष एकच का? ते अंगात साठतं का? आणि हा शब्द दुकानदार सोडून खरोखर वापरतं तरी कोण?

खान्देशी बाणा
सासूबाईंना साष्टांग दंडवत. बादलीचा हिशेब फार भारी!

शेवभाजीवरच्या तर्रीला टॉक्सिन म्हणणारी एक आहारतज्ज्ञ मला धुळ्यात भेटली होती. तेव्हापासून मी तर्री ओतली की आधी नमस्कार करतो, मग भाकरी कुस्करतो. बाकी आमना गावमा त्याले वीखच म्हंतस, दुसरं काय!

अमळनेरचे मास्तर
ताई, सासूबाईंचा प्रश्न बारावीच्या पेपरात घालावा असा आहे.

टॉक्सिन म्हणजे सजीवाने तयार केलेलं विष. जिवाणू, बुरशी, झाड, साप, विंचू, कोणीही चालेल, पण बनवणारा जिवंत हवा. परिभाषेत त्याला जीवविष म्हणतात. कारखान्यातलं कीटकनाशक, शिसं, आर्सेनिक ही विषं आहेत, जीवघेणी आहेत, पण काटेकोरपणे बोलायचं तर टॉक्सिन नव्हेत. नाग चावला तर दातातून आत शिरतं ते विष म्हणजे अनेक टॉक्सिनचं मिश्रण. धोत्र्याचं बी खाल्लं तर त्यातही टॉक्सिन. रस्ता वेगळा, जात एक.

शब्द मुळात ग्रीक. 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य, आणि बाणाच्या टोकाला फासायचं विष ते 'टॉक्सिकॉन'. वैद्यकात हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला, आणि तो आला घटसर्प व धनुर्वातामुळे. घटसर्पाचे जंतू सापडायचे फक्त घशात, पण बंद पडायचं हृदय. असं कसं? 1888 साली पॅरिसमध्ये रू आणि येरसँ यांनी जंतू वाढवलेलं पाणी गाळून जंतू वेगळे केले आणि नुसतं गाळलेलं पाणी प्राण्यांना टोचलं. प्राणी मेले. म्हणजे मारणारा जंतू नव्हता, त्याने सोडलेलं विष होतं. दोनच वर्षांनी बेरिंग आणि कितासातो यांनी त्या विषाला उतारा शोधला, आणि 1901 चं वैद्यकातलं पहिलं नोबेल बेरिंगला त्यासाठीच मिळालं.

गंज लागलेला खिळा पायात गेला की आपण 'टीटी' घ्यायला धावायचो, तो दुसरा 'टी' टॉक्सॉइडचा. धनुर्वाताचं टॉक्सिन फॉर्मालिनने निर्विष करून टोचतात, म्हणजे शरीर त्याला ओळखून ठेवतं. धनुर्वात आणि बॉट्युलिझम या दोन रोगांच्या जिवाणूंची विषं जगातल्या सर्वांत जहाल पदार्थांत मोडतात. एका किलो वजनामागे एक ग्रॅमच्या अब्जांशात मोजावीत इतकी. त्यातलंच दुसरं अत्यल्प प्रमाणात सुईने टोचून लोक कपाळाच्या सुरकुत्या घालवतात, ते बोटॉक्स. बादलीभर टॉक्सिन अंगात असतं, तर भुसावळ जंक्शन रिकामं झालं असतं.

पट्टी आणि मशीनचं सांगतो. त्या पट्ट्यांत बहुधा लाकडाच्या धुरापासून काढलेल्या व्हिनेगरची पूड असते. ओल लागली की ती काळी पडते. पट्टीवर चमचाभर कोमट पाणी टाकून बघा, पाय लागतच नाही. मशीनमध्ये मिठाचं पाणी आणि लोखंडाच्या पट्ट्या असतात, वीज सोडली की लोखंड गंजतं आणि पाणी विटकरी होतं. दुकानदाराला म्हणावं, एकदा पाय न बुडवता चालव.

रावेरची केळी
मास्तर, मग केळी पिकवायला कार्बाइड वापरतात ते टॉक्सिन की नाही? आम्हाला बाहेरगावचे नातेवाईक उठसूट ऐकवतात, "तुमच्या जळगावच्या केळ्यांत टॉक्सिन असतात."

अमळनेरचे मास्तर
नाही. कॅल्शियम कार्बाइड हे रसायन, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते म्हणून फळं पिकवायला त्याच्यावर बंदी आहे. नातेवाईकांची काळजी बरोबर, शब्द चुकीचा. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडतात तो वेगळा, तो केळं स्वतःही सोडतंच.

ढोरांचा डॉक्टर
आता माझी पाळी. नोकरी पशुसंवर्धनात गेली, पारोळा, भडगाव, एरंडोल या पट्ट्यात. टॉक्सिन हा शब्द मी कॉलेजात शिकलो खरा, पण ते डोळ्यांनी पाहिलं ज्वारीच्या शेतात.

दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, तिची भाकरी सगळ्यांना आठवते. पण त्याच ज्वारीचं कोवळं रोप ढोराला मारतं, हे शहरात राहणाऱ्या आमच्या पोरांना माहीत नाही. गावात म्हणतात 'किरळ लागली'. होतं असं. जून-जुलैत पेरलं, पोंगा गुडघ्याखाली आहे, आणि पाऊस दडी मारतो. रोप खुरटतं. किंवा कापणी झालेल्या धसकटांना नवे फुटवे येतात. लुसलुशीत हिरवं दिसतं, दाव्याची गाय सुटते आणि वावरात घुसते. पंधरा मिनिटांत मालक पळत दवाखान्यात. तोंडाला फेस, श्वास लागलेला, पाय लटपटतात, गाय आडवी. रक्त काढलं तर लालभडक, एरवीपेक्षा लाल. कारण रक्तात प्राणवायू भरलेला असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही.

कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचा पदार्थ असतो. 1902 मध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी तो शोधला आणि ज्वारीच्या 'दुर्रा' या अरबी नावावरून त्याचं बारसं केलं. धुरीन एका कप्प्यात, त्याला फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात, म्हणून उभं रोप निर्धास्त असतं. ढोराने चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. सायनाइडच ते. रोपाने ते कोणाला मारण्यासाठी नव्हे, स्वतःला खाल्लं जाऊ नये म्हणून ठेवलेलं असतं. मास्तरांची व्याख्या इथे तंतोतंत लागू पडते.

पीक फुलोऱ्यावर आलं की प्रमाण उतरतं. वाळवलेल्या कडब्यात विष उडून गेलेलं असतं, म्हणून कडबा वर्षभर बिनघोर घालतो. म्हणजे तेच पीक, तेच वावर, तीच गाय. वय आणि पाणी बदललं की वैरणीचं विष होतं. उतारा आहे, सोडियम नायट्राइट आणि मागोमाग सोडियम थायोसल्फेट शिरेतून. वेळेत पोहोचलो तर आडवी पडलेली गाय डोळ्यांदेखत उठून उभी राहते. मात्र वेळेत पोहोचणं क्वचितच जमायचं, रस्ते तसे होते.

हे सगळं लांबवलं ते एवढ्यासाठी की टॉक्सिनला नाव असतं, गाव असतं, लागायला किती वेळ हे ठरलेलं असतं आणि काहींना ठरलेला उतारा असतो. त्या सेंटरवाल्याला विचारा, तुझ्या टॉक्सिनचं नाव काय? नुसतं नाव. बाकी काही विचारू नका.

खान्देशी बाणा
जिभाऊ, नाव विचारलं तर तो "हेवी मेटल" म्हणेल.

ढोरांचा डॉक्टर
कोणतं मेटल ते विचार. शिसं म्हणाला तर रक्तातलं शिसं मोजता येतं, प्रयोगशाळेत. पट्टी लावायच्या आधी मोजू, नंतर मोजू. तो स्वतःच विषय बदलेल.

कपाशीवाला, चोपडा
मोठा प्रश्न आहे, कोणी हसू नका. बीटी कपाशीत अळीला मारणारं टॉक्सिन असतं असं आम्हाला कंपनीच्या मेळाव्यात सांगितलं होतं. 'टॉक्सिन' हाच शब्द. आता त्याच कपाशीची सरकी म्हशी खातात, त्यांचं दूध आम्ही पितो, आणि सरकीचं तेल फरसाणात जातं. मग आम्ही रोज टॉक्सिन खातो की काय?

अमळनेरचे मास्तर
हसण्यासारखं काहीच नाही भाऊ, याच्याइतका चांगला प्रश्न धाग्यात अजून आला नव्हता.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. 1901 मध्ये जपानात इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला, 1911 मध्ये बर्लिनर यांना तो पुन्हा सापडला आणि त्यांनी जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव दिलं. हा जिवाणू 'क्राय' नावाची प्रथिनं बनवतो. त्यांचा जनुक कपाशीत घातला, भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 2006 पासून दोन जनुकांची कपाशी आली.

आता खरी गंमत. ते प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, त्याला धार येते आणि आतड्याच्या पेशींवर एका विशिष्ट जागी ते चिकटतं. मग आतड्याला भोकं पडतात. आपल्या जठरात आम्ल, शिवाय ती चिकटायची जागाच आपल्या आतड्यात नाही. ते आपण डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकतो. रिफाइंड तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. तेव्हा 'टॉक्सिन' म्हटलं की पुढे 'कोणाला?' हे जोडल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

कपाशीवाला, चोपडा
पटलं. पण मग गुलाबी बोंडअळी का मरेना? 2017 ला आमच्याकडे बोंडं फोडली की आत गुलाबी वळवळ. वेचणीला मजूर यायला तयार नव्हते.

अमळनेरचे मास्तर
तिच्या आतड्यात बदल झाला, प्रथिन पूर्वीसारखं चिकटेना. ज्या अळ्यांत तो बदल होता त्या जगल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. कपाशीभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावा असं सांगितलं जायचं ते याचसाठी, पण त्या ओळी कोण लावत होतं, खरं सांगा. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राखलेली कपाशी, ठेवल्याने अळीला उन्हाळ्यापर्यंत खायलाही मिळत राहिलं.

ढोरांचा डॉक्टर
सरकीत दुसरंच टॉक्सिन आहे, बीटीच्या आधीपासूनचं. गॉसिपॉल. म्हैस-गाय रवंथ करतात, त्यांच्या पोटात ते बांधलं जातं, म्हणून मोठ्या जनावराला सरकी-ढेप बेताने चालते. पण लहान वासराला, डुकराला, कोंबडीला ढेप घालू नका, हृदय धरतं. तेल शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जातं. चीनमध्ये याच गॉसिपॉलची पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी करायचा प्रयोग हजारो लोकांवर झाला होता. पोटॅशियम घसरायला लागलं, काहींची प्रजननक्षमता परतच आली नाही, मग नाद सोडला.

खान्देशी बाणा
कपाशीवाले भाऊ, ढेपेचं पोतं घरापासून जरा लांब ठेवा.

दाणाबाजार
जळगावात शेंगदाणा आणि डाळींच्या क्वालिटी तपासणीत काम करतो. इथे टॉक्सिन हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारतो, आणि कोणी हसत नाही, कारण त्याच्यावर ट्रक परत जातो.

आमचं टॉक्सिन म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावातला 'अ', 'फ्ला' आणि पुढे टॉक्सिन. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, कारण सापडेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' म्हणत होते. शेवटी धागा पोहोचला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. अतिनील दिव्याखाली जे निळं चमकतं ते बी, हिरवं चमकतं ते जी. बी-1 सगळ्यात वाईट, यकृताचा कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं.

भुईमूग उपटल्यावर शेंगा ओल्या ढिगात राहिल्या, किंवा पीक शेवटी ताणावर पडलं की बुरशी शिरते. नीट वाळवून ओल आठ-नऊ टक्क्यांवर आणली की तिला वाढता येत नाही. आपल्याकडे बहुतेक धान्यं आणि प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्यासाठी मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका टनात 15 मिलिग्रॅम. एक टन शेंगदाण्यात मिठाची चिमूट पडली तर जितकी, त्याहून कमी.

घरी काय करायचं, तर चुरमुडलेले, काळपट, कडू दाणे वेचून फेका. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही, ते आपल्या तव्याच्या आवाक्यातलं नाही. दाण्याची चटणी करताना एखादा कडू दाणा तोंडात आला तर थुंका, पाहुण्यांसमोर असलात तरी. ज्या दुकानात 'कुटासाठी स्वस्त' म्हणून चुरा दाणा मिळतो तिथून घेऊ नका, वेचणीत काढून टाकलेला माल तिकडेच जातो असा माझा अनुभव आहे.

सातपुडा मास्तरीण
अक्राणी भागात शाळेवर आहे. दाणाबाजार दादांनी म्हटलंय त्याची सर्वांत काळी गोष्ट आमच्या उत्तरेला घडलेली आहे. 1974 मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल, आमच्यासारखाच भिल्ल वस्तीचा डोंगराळ मुलूख. अवकाळी पावसात मका भिजला, घरात दुसरं धान्य नव्हतं, लोकांनी तोच खाल्ला. कावीळ, पोटात पाणी. नोंद झालेले 397 आजारी, त्यांतले 106 दगावले. गावातली कुत्रीही मेली, कारण त्यांनाही त्याच भाकरीचा तुकडा मिळायचा. त्यावरूनच तपासणाऱ्यांना अन्नाचा संशय पक्का करता आला. ज्यांच्या घरी पर्याय होता त्यांनी बुरसटलेला मका ढोरांपुढे टाकला असणार. डिटॉक्सचं दुकान ज्या वस्तीत चालतं तिथे हे टॉक्सिन सहसा पोहोचत नाही.

दुसरं, मुलांचं. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, शेताच्या कुंपणाला सगळीकडे लावलेली. बी शेंगदाण्यासारखं, चवीला बरं. दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शाळेची बातमी येते, मधल्या सुट्टीत पोरांनी बिया खाल्ल्या, उलट्या-जुलाब, सगळ्यांना उपजिल्हा रुग्णालयात नेलं. शहरातून आलेले शिक्षक ते झाड ओळखतच नाहीत. मी दर जूनला पहिल्या आठवड्यात पोरांना कुंपणाशी नेते आणि बी हातात देऊन दाखवते. चित्रातलं बी कोणाच्या लक्षात राहत नाही.

अमळनेरचे मास्तर
ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. साध्या एरंडाचं बी त्याहून वाईट, त्यात रायसिन असतं. 1978 मध्ये लंडनच्या रस्त्यावर मार्कोव्ह नावाच्या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत छत्रीतून बारीकशी गोळी मारली होती, तिच्यात रायसिन होतं असं मानतात. चार दिवसांत गेला. आणि त्याच बियांचं एरंडेल आपल्या आज्या रविवारी सकाळी नाक दाबून पाजायच्या! रायसिन तेलात उतरत नाही, आणि उष्णतेने मोडतं. ते राहतं पेंडीत, म्हणून एरंडाची पेंड खत म्हणून वावरात, गव्हाणीत कधीच नाही.

संपादक
'शंभर टक्के नैसर्गिक टॉक्सिन क्लीनर, संपर्क करा' हा प्रतिसाद उडवला आहे. धाग्यात जाहिराती नकोत. (नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असं वरचे पाच प्रतिसाद वाचूनही ज्यांना वाटतं त्यांच्या धाडसाचं कौतुक.)

वैद्य, शहादा
इतका वेळ वाचत होतो. त्या चहाच्या पाकिटावर 'आम म्हणजेच टॉक्सिन' असं छापलेलं असेल, त्यावर मला हरकत आहे. आम म्हणजे अग्नी मंद झाल्याने नीट न पचलेला अन्नरस. त्यावर लंघन, पाचन असे उपाय आहेत. विषाचा विचार आयुर्वेदात स्वतंत्र आहे, अगदतंत्र ही आठ अंगांपैकी एक शाखाच. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात स्थावर विषं, जंगम विषं, त्यांचे वेग, उपचार, सगळं वेगळं सांगितलंय. आमाला विष-सदृश म्हटलंय ते एका विशिष्ट अवस्थेत. दोन्हींची खिचडी करून पाकिटात भरली ती बाजाराने, शास्त्राने नव्हे.

मात्र मास्तर, 'अंगात काही साठतच नाही' असा सूर दिसला तर तोही मान्य नाही. दूषीविष ही संकल्पना काय आहे? जुनं, जोर ओसरलेलं, पण शरीरात टिकून राहिलेलं विष.

अमळनेरचे मास्तर
वैद्यराज, साठतच नाही असं मी म्हटलेलं नाही. शिसं हाडात वर्षानुवर्षं राहतं, डीडीटी चरबीत राहतं. पण ते साठलंय हे तपासणीने दाखवावं लागतं, आणि शिसं काढायचं तर रुग्णालयात, त्याला बांधून लघवीवाटे नेणारं औषध देऊन. रोजचा कचरा यकृत आणि मूत्रपिंडं काढतातच. मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटरच्या आसपास पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं परत घेतात. ती बंद पडल्यावर जे साठतं त्याला डॉक्टर 'युरेमिक टॉक्सिन' म्हणतात, तिथे तो शब्द दुकानी नाही. त्यावर डायलिसिस लागतं, पट्टी नव्हे.

दूषीविषाचा अर्थ आधुनिक भाषेत काय लावायचा यावर आपलं जमणार नाही, तो धागा वेगळा काढू.

वैद्य, शहादा
काढा. भांडायला मीही येतो.

पुण्यातली खान्देशीण
तुम्ही सगळे जंतू आणि ज्वारीत अडकलात. आमच्या ऑफिसात टॉक्सिन कोणी म्हणत नाही, 'टॉक्सिक' म्हणतात. टॉक्सिक बॉस, टॉक्सिक रिलेशनशिप, टॉक्सिक नातेवाईक. ऑक्सफर्डने 2018 चा वर्षाचा शब्द म्हणून 'टॉक्सिक' निवडला होता. परवा बहिणीने फोनवर सांगितलं, "आमची नणंद टॉक्सिक आहे." मी विचारलं, काय केलं तिने? तर पापड लाटायला आली नाही म्हणे!

खान्देशी बाणा
पापड न लाटणं हा खान्देशात गुन्हाच आहे. उन्हाळ्यात बिबड्या-पापडाच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याला आमच्याकडे टॉक्सिकपेक्षा जड शब्द आहेत, इथे संपादक उडवतील.

तापीकाठची
हे मात्र खरं, की जी बाई नवऱ्याचा मार खाते तिची मैत्रीणही आता "रिलेशनशिप टॉक्सिक आहे" एवढंच म्हणते. मार आहे तर मार म्हणावं. पैसे काढून घेतो तर तसं म्हणावं. पशुवैद्य काकांचा नियम इथेही चालतो, नाव विचारा.

सातपुडा मास्तरीण
तरी एक बाजू सांगू? आमच्या शाळेतली एक तरुण सहकारी घरातल्या जाचाबद्दल कितीतरी दिवस बोलूच शकत नव्हती. 'टॉक्सिक' हा शब्द मिळाल्यावर बोलायला लागली. परका शब्द कधी कधी हाताला भाजत नाही. तिला मी तो शब्द वापरू नको म्हणणार नाही.

दाणाबाजार
डिटॉक्सवरून एक राहिलं. सकाळी उपाशीपोटी दुधी भोपळ्याचा रस पिणारे बरेच आहेत. दुधी कडू निघाला तर तो रस ओतून द्या. त्या कडूपणात क्युकरबिटासिन नावाचं टॉक्सिन असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती आणि समितीचं म्हणणं एवढंच होतं, आधी तुकडा चाखा, कडू लागला तर रस पिऊ नका, त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. लोक 'औषध आहे, कडूच असणार' म्हणून अख्खा पेला संपवतात. टॉक्सिन काढायला बसले आणि टॉक्सिनच प्यायले.

वैद्य, शहादा
याला माझंही शंभर टक्के अनुमोदन. कडू दुधी औषधात नाही, उकिरड्यात.

शिरपूरकर
पशुवैद्य काका, धागा वाचून पोटात गोळा आला. मक्याची कणसं खळ्यात भिजली होती, वरून हिरवट-पिवळी बुरशी आहे. म्हशीला आंबोणात शिजवून घालायचा विचार होता. शिजवल्यावर चालेल ना?

ढोरांचा डॉक्टर
नाही चालणार. शिजवून बुरशी मरते, तिने करून ठेवलेलं विष तसंच राहतं. म्हैस लगेच पडणार नाही, म्हणूनच फसगत होते. चारा कमी खाईल, दूध घटेल. आणि बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन बी-1 चं म्हशीच्या अंगात एम-1 नावाचं विष होऊन ते दिवसभरात दुधात उतरतं, ते दूध तुमच्या घरातलं पोर पितं. दुधासाठीची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, धान्यापेक्षा कितीतरी कडक, ती त्यासाठीच. आधीच घातला असेल तर आजपासून बंद करा, तीन-चार दिवसांत दुधातून उतरतं.

जी कणसं स्वच्छ आहेत ती वेगळी काढून कडक उन्हात वाळवा, तरी म्हशीला आत्ता नका देऊ, नमुना तपासून घ्या. हिरवी पडलेली सगळी खड्ड्यात पुरा. वेचताना तोंडाला रुमाल बांधा. उकिरड्यावर मुळीच टाकू नका, कोंबड्या टिपतात, आणि पक्ष्यांना हे लवकर बाधतं.

शिरपूरकर
अर्धं पोतं कालच उकिरड्यावर टाकलंय, कोंबड्या तिथंच आहेत. आधी त्यांना कोंडतो, मग खड्डा खणतो. नमुना किती लागतो ते रात्री विचारतो.